वहीतला खरा आकडा कोणता?

प्रश्न : माझं वय 47. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला हार्ट अ‍ॅटॅक आला. तो वाचला, पण माझी झोप उडाली. त्याच आठवड्यात बीपीचं मशीन आणलं. तेव्हापासून दिवसातून बारा-चौदा वेळा मोजतो आणि वहीत लिहितो. सकाळी उठल्या उठल्या 142/88, लगेच पुन्हा मोजलं तर 133/84, संध्याकाळी 124/78, बायकोशी खटका उडाल्यावर 156/94. यातला खरा आकडा कोणता? मशीन बदलून पाहिलं, तेही तसंच. डॉक्टर म्हणाले, ‘इतक्या वेळा मोजू नका, महिन्याभराने वही घेऊन या.’ पण आत नक्की काय चाललंय, हे कुणी सांगत नाही. अंथरुणातून झटकन उठलं की कधीकधी डोळ्यांपुढे अंधारी येते. नाडी धरून बसलो तर श्वास घेताना ती पळते, सोडताना रेंगाळते. माझं हृदय बिघडलंय का? आणि मोजायचं कोणत्या हातावर?
– एक वाचक

उत्तर : पत्रासोबत वहीच्या पानांचे फोटो जोडलेत ते बरं झालं. मी ती पानं आधी वाचली, पत्र नंतर. चारही आकडे खरे आहेत आणि तुमचं पहिलं मशीनही बहुधा ठीकच होतं. दिवसभर एकाच आकड्यावर खिळून राहणारा माणूस मला शिकवण्याच्या इतक्या वर्षांत भेटलेला नाही.

एक आधीच सांगते. मी रुग्ण तपासत नाही. वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. तेव्हा गोळी सुरू करायची की नाही हे तुमच्या डॉक्टरांचं काम आणि ‘आत नक्की काय चाललंय’ हे माझं.

रक्तदाब पहिल्यांदा मोजला गेला तो एका घोडीचा. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचा पाद्री होता, त्याला असल्या उचापतींची भारी हौस. त्याने घोडीच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी घातली आणि तिला एक लांबलचक काचेची नळी उभी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच वर चढलं. हे त्याने 1733 मध्ये प्रसिद्ध केलं. घोडीच्या हालांबद्दल वाचताना अंगावर काटा येतो, पण एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : नळीतलं रक्त चढून थांबलं नाही, प्रत्येक ठोक्याबरोबर वर-खाली होत राहिलं. म्हणजे जगातला पहिला रक्तदाबसुद्धा एका आकड्यावर स्थिर नव्हता. तुमच्या धमनीला तशी नळी जोडली, तर 120 च्या दाबाला रक्त साधारण दीड मीटर चढेल. एवढी उंच नळी दवाखान्यात कोण ठेवणार? पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून तेवढ्याच दाबाला तो जेमतेम 12 सेंटिमीटर चढतो. तुमच्या मशीनवरचे ‘120’ म्हणजे पाऱ्याचे 120 मिलिमीटर. मशीनमध्ये आता पारा नाही, पण माप तेच राहिलं.

आता मुद्द्यावर येते. दाब ही शरीराची गरज नाही. गरज आहे रक्त पोचण्याची, आणि दाब हे त्यासाठीचं साधन. पोचवायचं कुठे, तर केशवाहिन्यांपर्यंत, म्हणजे सगळ्यांत बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत. त्यांची रुंदी मिलिमीटरच्या पाच ते दहा हजारांशाएवढी, आणि तांबडी पेशी स्वतःच सात-आठ हजारांश. म्हणजे कित्येक ठिकाणी पेशीला अंग चोरून, वाकून, एकामागोमाग एक रांगेत जावं लागतं. हृदयातून निघणाऱ्या सगळ्यांत मोठ्या धमनीतून, म्हणजे महाधमनीतून, रक्त सेकंदाला वीस-तीस सेंटिमीटरच्या वेगाने निघतं, आणि केशवाहिनीत त्याचा वेग सेकंदाला अर्धा मिलिमीटरच्या आसपास उरतो. वाट अरुंद झाल्यावर वेग वाढायला हवा असं वाटतं ना? एक केशवाहिनी अरुंद असली तरी त्या अब्जावधी आहेत. सगळ्यांची तोंडं एकत्र धरली तर पात्र महाधमनीपेक्षा शेकडो पटींनी रुंद होतं, आणि पात्र पसरलं की नदी मंदावते. केशवाहिनीची लांबी मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी. म्हणजे पेशीला तिथे एक-दोन सेकंद मिळतात. प्राणवायू द्यायचा आणि कार्बन डायऑक्साइड घ्यायचा तो तेवढ्यात. हृदय, झडपा, मैलोगणती वाहिन्या हा सगळा खटाटोप त्या एक-दोन सेकंदांसाठी आहे. मशीनवरचा आकडा या कामाच्या बराच आधी, दंडातल्या मोठ्या धमनीवर घेतलेला असतो.

हृदयाला आपण पंप म्हणतो. खरं तर ते एकाला एक शिवलेले दोन पंप आहेत. उजवा पंप शरीराकडून आलेलं काळपट लाल रक्त फुप्फुसांकडे ढकलतो. (शिरांतलं रक्त निळं नसतं. कातडीतून परत येणाऱ्या प्रकाशामुळे शिरा निळसर दिसतात, एवढंच.) डावा पंप फुप्फुसांकडून आलेलं लालभडक रक्त साऱ्या अंगाला देतो. उजव्याला वाट जवळची आणि सैल, म्हणून तिथला वरचा दाब 25 च्या आसपास. डाव्याला डोक्यापासून अंगठ्यापर्यंत पोचायचं, म्हणून 120, आणि त्यासाठी त्याची भिंत उजव्याच्या सुमारे तिप्पट जाड. तरीही दोघांनी मिनिटाला ढकललेलं रक्त सारखंच असावं लागतं. डावा मागे पडला तर फुप्फुसांत रक्त तुंबतं आणि माणसाला धाप लागते.

रक्त असं गोल फिरतं हे आज शाळेतलं पोर सांगतं. पण प्राचीन ग्रीक वैद्य गेलनच्या काळापासून सुमारे चौदाशे वर्षं विद्वान मानत आले, की रक्त यकृतात तयार होतं आणि अवयव ते खाऊन संपवतात. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरने 1628 मध्ये हे मोडून काढलं, तेही बऱ्याच अंशी नुसत्या गुणाकाराने. तुमच्याच आकड्यांवर करून पाहा. एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलीटर, मिनिटाला 70 ठोके, म्हणजे जवळजवळ पाच लिटर. अंगात एकूण रक्तही पाचेक लिटरच. तासाला झाले तीनशे लिटर. इतकं रक्त ताशी नव्याने बनवायचं म्हटलं तर माणसाला स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट खावं लागेल. म्हणजे तेच रक्त परत येत असणार. मला हा युक्तिवाद फार आवडतो, वर्गात मी तो दरवर्षी फळ्यावर मांडायचे. धमन्या आणि शिरा जोडणारा दुवा मात्र हार्वेला दिसला नाही. तो 1657 मध्ये गेला, आणि 1661 मध्ये माल्पीगी या इटालियन शास्त्रज्ञाला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या.

मग आकडा हलतो कशाने? केशवाहिन्यांच्या अलीकडे बारीक धमन्या असतात, डोळ्यांना दिसणार नाहीत एवढ्या. त्यांच्या भिंतीत स्नायूंची कडी असते आणि ती आवळते किंवा सैल पडते. त्यांना नळाच्या चाव्या म्हणा. चावी जराशी फिरवली तरी फरक मोठा पडतो, कारण नळीची त्रिज्या निम्मी झाली की त्याच दाबाला प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. शरीर दिवसभर या चाव्या फिरवत असतं. तुम्ही जेवलात की आतड्यांच्या चाव्या उघडतात. जिना चढलात की मांड्यांच्या उघडतात आणि आतड्यांच्या आवळतात. थंडी वाजली की कातडीच्या बंद, म्हणून बोटं गार आणि फिकी. मूत्रपिंडं बसल्या जागी एकूण रक्तातला सुमारे पाचवा हिस्सा घेतात. मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के असून रक्त सुमारे पंधरा टक्के घेतो, आणि त्याच्या वाट्यात फारशी काटकसर चालत नाही.

एखाद्या इमारतीत गच्चीवर एकच टाकी असेल आणि सगळ्या घरांनी एकदम नळ सोडले तर वरच्या मजल्यावर नुसती फुसफुस ऐकू येते. तुमच्या अंगात वरचा मजला म्हणजे मेंदू. तो कोरडा पडू नये म्हणून मानेतल्या मोठ्या धमन्यांत आणि महाधमनीच्या कमानीत पहारेकरी बसवलेले आहेत. ते धमनीची भिंत किती ताणली गेली हे क्षणोक्षणी मेंदूला कळवतात. ताण कमी झाला की पुढच्या एक-दोन ठोक्यांतच हृदयाचा वेग वाढतो आणि कुठल्या तरी चाव्या आवळल्या जातात. ताण वाढला की उलट. हिशेब असा सतत चालू असतो आणि तुम्ही पट्टा फुगवता तेव्हा त्यातला एक क्षण टिपला जातो.

बायकोशी खटका उडाला तेव्हा काय झालं, ते आता तुम्हीच सांगाल. अ‍ॅड्रिनॅलिन सुटलं, ठोके वाढले, हृदय जोरात आवळलं, कातडीच्या आणि आतड्यांच्या चाव्या बंद झाल्या. अंगाने पळण्याची किंवा भिडण्याची तयारी केली आणि तुम्ही जाऊन खुर्चीत बसून दंडाला पट्टा गुंडाळलात. 156 आला नसता तरच नवल. तो आकडा भांडणाचा आहे, त्याला वहीत वेगळं पान द्या. (भांडणाचं कारण ते मशीनच होतं, असा मला दाट संशय आहे.)

सकाळच्या 142 नंतर लगेच 133 आला, तेही असंच. पहिल्या वेळी ‘आता किती येतो’ म्हणून जीव टांगणीला लागलेला असतो आणि पट्टा दंड आवळतो त्याचीही थोडी दचक असते. दुसऱ्यांदा ती ओसरते. बहुतेकांचा पहिला आकडा जरा चढाच येतो. शिवाय रात्री झोपेत दाब दिवसापेक्षा दहा-वीस टक्क्यांनी उतरतो आणि पहाटे जाग येण्याच्या सुमारास चढू लागतो. तुम्ही नेमका तो चढ पकडता.

वरचा आणि खालचा आकडा म्हणजे काय, हेही सांगून टाकते, कारण वहीत तुम्ही दर वेळी वरच्याखालीच लाल रेघ मारली आहे. हृदय सलग ढकलत नाही. आवळतं आणि सैल पडतं. आवळलेलं असतानाचा कळस हा वरचा आकडा. सैल पडतं तेव्हा दाब खरं म्हणजे शून्याकडे कोसळायला हवा, आणि हृदयाच्या कप्प्यात तो कोसळतोही. पण महाधमनी रबरासारखी ताणली गेलेली असते. ती आकसत जाते आणि अडवून धरलेलं रक्त पुढे सारत राहते. मागे झडप मिटलेली, त्यामुळे परतीची वाट बंद. छातीला कान लावला तर दुसरा आवाज येतो, तो ही झडप मिटतानाचा. पुढचा ठोका पडायच्या आत दाब उतरत उतरत जिथे येतो, तो खालचा आकडा. म्हणजे ‘80’ हे मोठ्या अंशी महाधमनीचं आणि त्या चाव्यांचं काम आहे, हृदय तेव्हा सुस्तावलेलं असतं. सुस्तावलेलं म्हणजे रिकामं मात्र नाही. त्याच वेळात ते भरतं आणि डाव्या कप्प्याच्या स्नायूला स्वतःचं रक्तही मुख्यतः तेव्हाच मिळतं. आवळलेल्या मुठीत रक्त कसं शिरणार? वयाबरोबर महाधमनी ताठ होत जाते, धक्का झेलेनाशी होते, आणि वरचा आकडा वाढत असताना खालचा तिथेच राहतो किंवा उतरतो. तुमच्या वहीत दोन्ही आकडे बरोबरीने चढतात-उतरतात. हे चाव्या फिरल्याचं चित्र आहे.

अंधारीचं उत्तर पायांत आहे. कोणत्याही क्षणी अंगातलं जवळजवळ दोन-तृतीयांश रक्त शिरांत असतं, कारण त्या सैल आणि पसरट. तुम्ही झटकन उभे राहिलात की अर्धा लिटर किंवा त्याहून थोडं जास्त रक्त पाय आणि ओटीपोटाकडे उतरतं. तेवढ्यापुरतं हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, पुढचे काही ठोके हलके पडतात आणि डोक्याकडचा प्रवाह कमी होतो. पहारेकऱ्यांना सावरायला काही सेकंद लागतात, ते सेकंद तुम्हाला अंधारी म्हणून दिसतात. रक्त वर चढतं ते पोटऱ्यांच्या जोरावर. पोटरीचा स्नायू आवळला की आतल्या शिरा पिळल्या जातात, आणि शिरांतल्या झडपा रक्ताला फक्त वरच जाऊ देतात. तेव्हा उठताना आधी पलंगाच्या कडेला बसा, पावलं दहा-बारा वेळा वर-खाली करा, मग उभे राहा. एवढ्याने अंधारी थांबली तर ठीक. वारंवार येत राहिली किंवा कधी शुद्ध हरपली, तर महिना उलटायची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.

झडपा स्वतः पाहायच्या असतील तर हार्वेचाच प्रयोग करा. हात खाली सोडा, हाताच्या पुढच्या भागावर फुगलेली एक शीर निवडा. तिच्यावर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त निपटून काढा. दुसरं बोट उचला. वरच्या झडपेपर्यंत शीर सपाटच राहील. वरचं रक्त मागे येत नाही. आता पहिलं बोट उचला, शीर खालून झरकन भरेल. वहीत चौदावा आकडा लिहिण्यापेक्षा यात पाच मिनिटं बरी जातील.

श्वासाबरोबर नाडीचा वेग बदलतो, तेही बिघाडाचं लक्षण नाही. हृदयाला आवर घालणारी एक मोठी नस आहे, व्हेगस. श्वास आत घेताना तिचा लगाम जरा सैल होतो, सोडताना पुन्हा ओढला जातो. लहान मुलांत हे जास्त ठळक दिसतं, वयाबरोबर कमी होत जातं. 47 व्या वर्षी तुम्हाला ते बोटांना जाणवतं, म्हणजे लगाम चांगला चालतोय. श्वासाशी ताळमेळ नसताना ठोके वेडेवाकडे पडू लागले, तर मात्र ईसीजी काढून घ्यायला हवा. आणि हो, मनगटाला जे लागतं ते रक्त वाहत आल्याचा धक्का नव्हे. ती भिंतीतून धावणारी लाट आहे, सेकंदाला कित्येक मीटर पळणारी. त्या ठोक्याचं रक्त मनगटाला मागाहून पोचतं.

आता मोजण्याचं. तुमचं मशीन ठोके ऐकत नाही. पट्टा सैल होताना दंडातल्या धमनीची जी थरथर पट्ट्यात उमटते ती ते टिपतं आणि त्यावरून गणित करून दोन आकडे देतं. म्हणून हात हलला, तुम्ही बोललात किंवा पट्टा बाहीवरून बांधला, की गणित चुकतं. फोटोत एका पानाच्या कडेला तुमचा हात मांडीवर दिसतोय. दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीला हवा. तो दहा सेंटिमीटर खाली असेल तर वरच्या रक्ताचं वजन धरून आकडा सात-आठने फुगतो. हात टेबलावर टेकवा, पाठ टेकवा, पावलं जमिनीवर, पायावर पाय नको. आधी लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयानेही दाब चढतो. अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. पाच मिनिटं गप्प बसा. मग एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी. असे सात दिवस करा, पहिल्या दिवसाचे आकडे खोडा, बाकीच्यांची सरासरी काढा. तुम्ही विचारता तो ‘खरा आकडा’ ही सरासरी आहे. सात दिवस झाले की मशीन कपाटात ठेवा. पुन्हा कधी काढायचं ते डॉक्टर सांगतील.

घरी मोजलेल्या सरासरीसाठी सर्वसाधारण सीमा 135/85 धरतात. तुमची वही या रेषेच्या दोन्ही बाजूंना ये-जा करते, म्हणून डॉक्टरांनी लगेच गोळीही दिली नाही आणि ‘पुन्हा येऊ नका’ असंही म्हटलं नाही. सरासरी रेषेच्या वर आली तर त्यांच्याशी नीट बोला. वर्षानुवर्षं चढा राहिलेला दाब धमन्यांच्या भिंती, मूत्रपिंडं, डोळ्यांचा पडदा आणि हृदयाची भिंत यांना हळूहळू खराब करतो. एका संध्याकाळच्या 156 ने तसं होत नाही. कधी 180/120 किंवा त्याहून वर दिसला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरी तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि आकडा काहीही असो, छातीत आवळल्यासारखं दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, चेहऱ्याची किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणं यांपैकी काहीही झालं तर मशीन शोधत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

हाताचं राहिलं. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा. पाच-सातचा फरक बहुतेकांत असतो. ज्या हातावर जास्त येईल तोच पुढे कायम ठेवा, आणि वरच्या आकड्यात वारंवार दहापेक्षा जास्त फरक दिसला तर वहीत तेवढंच ठळक लिहून डॉक्टरांना दाखवा.